फीवर प्रोफाइलमधलं कामाचं किती? कोल्हापूरच्या लॅबमधल्या ‘छाती-ताप’ पॅकेजचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. खोकला, ताप आणि दम लागलेल्या माणसाचा आजार किती गंभीर आहे हे ठरवायला पॅकेजमधल्या तीन चाचण्या पैसे वसूल करतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), युरिया-क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) आणि सीआरपी (संसर्गात वाढणारं प्रथिन). प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गाची खूण) आणि डी-डायमर (रक्ताच्या गुठळीची खूण) डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिल्या तरच घ्याव्यात. बाकीच्यांनी बहुतेक वेळा अहवालाची पानं वाढतात. आणि ज्या चार गोष्टींवर निम्मा निर्णय अवलंबून असतो, त्या एकाही पॅकेजमध्ये नसतात, कारण त्यांना रक्त लागत नाही.

पावसाळा सुरू झाला की राजारामपुरी, शाहूपुरीपासून गांधीनगरपर्यंत लॅबच्या काचेवर ‘फीवर प्रोफाइल’, ‘चेस्ट इन्फेक्शन पॅनेल’ अशा पाट्या लागतात. लहान पॅकेजमध्ये साधारणपणे सीबीसी, ईएसआर, सीआरपी, विडाल (टायफॉइडची चाचणी), मलेरिया आणि डेंग्यू एनएस१ असतं. मोठ्यात त्यावर लिव्हर, किडनी, फेरिटिन, एलडीएच, डी-डायमर, कधी आयएल-६ आणि प्रोकॅल्सिटोनिन. ही दुसरी यादी करोनाच्या दोन वर्षांत जुळली आणि साथ ओसरल्यावरही दरपत्रकावर तशीच राहिली. डेंग्यू-मलेरियाचं निदान हा इथला विषय नाही. इथे प्रश्न एकच आहे: छातीत संसर्ग आहे असं डॉक्टरांना वाटतंय, तर माणूस घरी बरा होईल, वॉर्डात लागेल की आयसीयूत? हे सांगायला पॅकेज किती उपयोगी, एवढंच तपासलं आहे.

युरिया: सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित

न्यूमोनियाची तीव्रता मोजायचं सर्वांत सुटसुटीत साधन म्हणजे कर्ब-६५. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या माहितीवर २००३ साली ते बसवलं गेलं. पाच प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. माणूस नव्याने गोंधळलेला आहे का (नाव, जागा, वार विचारायचा). युरिया ७ मिलिमोल प्रति लिटरच्या वर आहे का. श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त आहेत का. वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० किंवा त्याहून कमी आहे का. वय ६५ किंवा जास्त आहे का. मूळ अभ्यासात ०-१ गुण असलेल्यांत ३० दिवसांतले मृत्यू साधारण १.५ टक्के, २ गुणांना ९ टक्क्यांच्या आसपास आणि ३ ते ५ गुणांना २२ टक्के होते. म्हणून ०-१ ला घरचे उपचार, २ ला दाखल करण्याचा विचार आणि ३ किंवा जास्त असतील तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही.

गडबड होते ती युरियाच्या एककात. आपल्याकडच्या लॅब युरिया मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात आणि ७ मिलिमोल म्हणजे त्या मापात साधारण ४२. पण ‘एमडीकॅल्क’सारखी कॅल्क्युलेटर अमेरिकी पद्धतीने बीयूएन विचारतात आणि तिथली रेषा १९ वर आहे. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, युरियाला २.१४ ने भागलं की तो मिळतो. अहवालावर युरिया ३५ आहे, म्हणजे नॉर्मल. तोच आकडा बीयूएनच्या रकान्यात टाकला की फुकटचा एक गुण चढतो. उलटा घोळ जास्त धोक्याचा: लॅबने बीयूएन २४ छापला आणि वाचणाऱ्याने ‘४२ च्या खाली आहे’ म्हणून सोडून दिला, तर खरा युरिया ५१ असतो आणि एक गुण हरवतो. म्हणून अहवालावर आकड्याच्या आधी चाचणीचं नाव वाचायचं. ‘ब्लड युरिया’ की ‘बीयूएन’, एवढं बघितलं तरी पुरे.

युरिया वाढण्याची कारणं आजारापलीकडचीही असतात. दोन दिवस पाणी न पिता अंगात ताप असला की तो चढतो, आणि खरं तर याच कारणाने तो तीव्रतेचा चांगला खबऱ्या आहे. पण जुना किडनीविकार, पोटातला रक्तस्राव, स्टेरॉइड यांनीही चढतो. तालमीत रोजचा खुराक मोठा असलेल्या मल्लाचा युरिया धडधाकट असतानाही ४५ दिसू शकतो. याउलट लिव्हर खराब असलेल्या किंवा अगदी अशक्त, कमी खाणाऱ्या वृद्धाचा युरिया खोटा कमी दिसतो. सोबत क्रिएटिनिन आणि शक्य असेल तर सहा महिन्यांपूर्वीचा एखादा जुना अहवाल असला की यातलं बरंचसं उलगडतं. त्यामुळे ‘युरिया एकटा नको, क्रिएटिनिनसह द्या’ असं सांगायचं. लहान फीवर प्रोफाइलमध्ये हे दोन्ही बहुधा नसतातच. विडाल असतं. प्राधान्य कसं उलटं लागलंय ते यावरून समजावं.

सीआरपी: चांगली चाचणी, वाईट वाचन

सीआरपीचा शोधच न्यूमोनियातून लागला. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोकॉकसच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. संसर्ग सुरू झाल्यावर लिव्हर ते बनवायला लागतं. सहा-आठ तासांनी पातळी वाढू लागते, दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठते आणि कारण संपलं की साधारण दर १९ तासांनी निम्मी होते. यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. ताप आल्याच्या पहिल्या संध्याकाळी केलेली सीआरपी कमी आली म्हणून निश्चिंत होऊ नये. आणि रोज-रोज सीआरपी करण्यात अर्थ नाही. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा बघावी. चौथ्या दिवशीही ती निम्म्याने उतरली नसेल तर फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू, चुकीचं औषध किंवा दुसरंच निदान शोधावं लागतं.

उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१४ साली दिलेल्या मर्यादा आजही हाताशी ठेवण्याजोग्या आहेत: खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग वाटतोय पण न्यूमोनियाची खात्री नाही, अशा वेळी २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली अँटिबायोटिक नको, २० ते १०० मध्ये चिठ्ठी द्या पण लक्षणं वाढली तरच घ्या, १०० च्या वर द्या. लक्षात घ्या, हे आकडे औषधाचे आहेत, दाखल करण्याचे नाहीत. सीआरपी १४० असलेला बत्तीस वर्षांचा माणूस, श्वास १८, ऑक्सिजन ९७, रक्तदाब ठीक, तर तो घरी औषध घेऊन बरा होण्याची शक्यता भरपूर. सीआरपी बघून घाबरून आयसीयू शोधणारे नातेवाईक ही दर पावसाळ्यातली गोष्ट आहे.

इथेही एकक फसवतं. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. ६.४ आणि ६४ एकच असू शकतात. एका लॅबमध्ये पहिली आणि दुसऱ्या लॅबमध्ये दुसरी केली की ‘सीआरपी दहापट वाढली’ असा गैरसमज होतो. त्याहून वाईट म्हणजे स्लाइडवरची लॅटेक्स पद्धत. तिथे आकडे ६, १२, २४, ४८ असे दुपटीने उडी मारतात, मधलं काही दिसत नाही. बरं वाटतंय की बिघडतंय हे त्यातून कळणं अवघड. अहवालावर ‘टर्बिडिमेट्री’ किंवा ‘नेफेलोमेट्री’ लिहिलं असेल तर चाचणी खरोखर मोजलेली आहे. आणि काउंटरवर ‘एचएस-सीआरपी’ घेऊ नका. ती हृदयविकाराच्या धोक्यासाठी असते. तिच्या तक्त्यात ३ च्या वर ‘हाय रिस्क’ छापलेलं असतं आणि साध्या सर्दीतही घरचे हवालदिल होतात.

सीबीसीत काय बघायचं

पांढऱ्या पेशी वाढल्या की आजार मोठा, नॉर्मल म्हणजे किरकोळ, हा समज चुकीचा आहे. न्यूमोनियात पेशी ४,००० च्या खाली जाणं हे तीव्र आजाराच्या अमेरिकी निकषांपैकी एक आहे. प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणं हाही. म्हणजे खाली गेलेला आकडा वर गेलेल्यापेक्षा जास्त गंभीरपणे घ्यायचा.

न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट हे गुणोत्तर, ज्याला लॅबवाले एनएलआर म्हणतात, ते सीबीसीतून फुकट निघतं. ८४ टक्के आणि ९ टक्के असतील तर ९.३. निरोगी माणसात साधारण १ ते ३. सर्वांना लागू पडेल अशी एकच मर्यादा नाही, पण दोन दिवसांच्या अंतराने ते चढतंय की उतरतंय हे उपयोगी पडतं. फक्त आधी विचारा: गावाकडे ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून किंवा दम्यासाठी स्टेरॉइड दिलंय का? स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वर जातात, लिम्फोसाइट खाली येतात आणि संसर्ग न वाढताही गुणोत्तर दुप्पट दिसतं.

प्लेटलेट अचानक ४०,००० आल्या आणि माणूस ठणठणीत असेल तर आधी स्लाइड बघायला सांगा. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीएने काहींच्या प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि मशीन त्या मोजत नाही. निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा घेतलं की खरा आकडा कळतो. तिथे रक्त पातळ होतं म्हणून उत्तराला १.१ ने गुणायचं.

मोठ्या पॅकेजची भर

प्रोकॅल्सिटोनिन काही तासांत चढतं, दिवसभरात उतरू लागतं आणि विषाणूजन्य आजारात सहसा कमी राहतं. म्हणून ०.२५ नॅनोग्रॅमच्या खाली आलं की ‘अँटिबायोटिक नको’ असं म्हणायचा मोह होतो. पण अमेरिकेच्या छाती आणि संसर्गतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की एक्स-रेवर न्यूमोनिया दिसत असेल तर पहिल्या प्रोकॅल्सिटोनिनकडे बघून औषध रोखू नका. त्याचा खरा उपयोग दाखल रुग्णात औषध कधी थांबवायचं हे ठरवायला होतो: शिखरापेक्षा ८० टक्के घसरण झाली की बंद करता येतं. किडनी निकामी असलेल्यांत, मोठ्या ऑपरेशननंतर, भाजल्यावर आणि मलेरियातही ते चढतं. शिवाय लहान लॅबमधून नमुना पुण्या-मुंबईला जातो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. तोवर जे ठरवायचं ते ठरून गेलेलं असतं. घरच्या रुग्णाने बाकी तिन्ही चाचण्यांच्या एकत्रित दरापेक्षा जास्त पैसे यावर घालू नयेत.

डी-डायमर न्यूमोनियातच वाढतो, त्यामुळे वाढला म्हणून फुप्फुसात गुठळी झाली असं होत नाही. नॉर्मल आला तर मात्र गुठळीची शंका कमी होते. यातही दोन एककं आहेत, एफईयू आणि डीडीयू, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. फेरिटिन, एलडीएच, ईएसआर: घरच्या रुग्णासाठी वगळा. एलडीएच तर नमुना घेताना पेशी फुटल्या तरी वाढतो. आयएल-६ विशिष्ट इंजेक्शनचा विचार चालू असेल तेव्हा रुग्णालय स्वतः सांगेल.

मोठ्या पॅकेजविरुद्धचा आमचा सर्वांत ठोस मुद्दा वेगळा आहे. करोनाच्या रुग्णांचा धोका मोजायला ब्रिटनमध्ये २०२० साली तयार झालेल्या ४सी स्कोअरमध्ये आठ बाबी आहेत. त्यात रक्ताच्या चाचण्या दोनच: युरिया आणि सीआरपी. उरलेल्या सहा म्हणजे वय, लिंग, सहव्याधी, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि शुद्ध (माणूस भानावर आहे का). हजारो रुग्णांवर तपासलेल्या मापाला फेरिटिन आणि आयएल-६ लागले नाहीत.

न्यूमोनियाच्या तीव्रतेचं पीएसआय नावाचं वीस बाबींचं मापही आहे, १९९७ चं. अमेरिकी मार्गदर्शन कर्ब-६५ पेक्षा त्याला जास्त पसंती देतं. पण त्यात धमनीतल्या रक्ताचा पीएच, सोडियम, साखर, हिमॅटोक्रिट, एक्स-रेवरचं पाणी असं सगळं लागतं. ते रुग्णालयाचं काम.

जे लॅब मोजत नाही

श्वासाचा वेग, रक्तदाब, ऑक्सिजन, शुद्ध. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचे, १५ सेकंद मोजून चारने गुणायचे नाहीत, आणि माणसाला न सांगता मोजायचे, नाहीतर तो नकळत सावकाश घेतो. पोटावर हात ठेवून मनगटाची नाडी बघतोय असं दाखवा. ऑक्सिमीटर लावताना बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा, नेलपॉलिश आणि मेंदी नसलेलं बोट निवडा, आकडा मिनिटभर स्थिरावू द्या. सावळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं, म्हणून ९४ वर समाधान मानू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. ‘उंचीमुळे कमी दाखवतोय’ ही सबब इथे चालत नाही.

समजा ६८ वर्षांचे काका आहेत. बोलतायत, चहा मागतायत. श्वास २६, ऑक्सिजन ९३, रक्तदाब १०८/५८, नाडी १०४, ताप १०१.२. सीआरपी ६४, युरिया ४६. सीआरपी बघणारा म्हणेल ‘मध्यम आहे’. कर्ब-६५ मध्ये वयाचा एक, खालच्या रक्तदाबाचा एक, युरियाचा एक, म्हणजे ३. प्रकृती बिघडतेय का हे ओळखायला ब्रिटनच्या रुग्णालयांत वापरतात त्या न्यूज-२ मापात श्वासाचे ३, ऑक्सिजनचे २, रक्तदाब, नाडी आणि तापाचा प्रत्येकी १, एकूण ८. तिथे ७ किंवा जास्त गुणांना तातडी समजतात. या काकांना सीपीआरला (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या रुग्णालयात आजच न्यायचं, अहवालाची छापील प्रत यायची वाट न बघता.

कर्ब-६५ चीही एक पोकळी आहे. त्यात ऑक्सिजन नाही. तिशीतल्या माणसाचा ऑक्सिजन ८६ असूनही गुण शून्य येऊ शकतात. म्हणून ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल तर गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टर. ९० च्या खाली, ओठ निळसर किंवा माणूस भ्रमात असेल तर १०८ ला फोन. याला अपवाद म्हणजे जुन्या सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेले) रुग्ण, ज्यांत चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायका आणि उद्यमनगरच्या फौंड्रीत वर्षं काढलेले कामगार बरेच असतात. त्यांच्यातल्या काहींसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं, पण ते त्यांच्या डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं असलं पाहिजे. घरच्यांनी अंदाजाने ठरवायचं नाही.

लहान मुलांना यातलं काहीच लागू नाही. पाच वर्षांखालच्या मुलात श्वास मोजा: दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षाखाली ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे वेगवान. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, पीत नसेल, सुस्त असेल तर लॅब नंतर, आधी बालरोगतज्ज्ञ. आणि कोणत्याही वयात खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला असेल तर फीवर प्रोफाइलऐवजी क्षयरोगासाठी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

सेवा म्हणून

होम कलेक्शनची सोय खरंच चांगली आहे, विशेषतः जिना उतरू न शकणाऱ्यांसाठी. पण बघण्यासारख्या गोष्टी आहेत. निळी नळी आधी, मग पिवळी किंवा लाल, मग जांभळी. क्रम चुकून जांभळ्यातलं ईडीटीए पिवळीत गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं. निळी नळी खुणेपर्यंत भरलेली हवी, अर्धवट भरली तर डी-डायमर करू नका म्हणून सांगा. दंडाला पट्टा बांधून मूठ उघड-मीट करायला लावणारा कलेक्टर घाईत आहे. नमुन्यावर वेळ लिहून घ्या. राधानगरी किंवा गगनबावड्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेली नळी एसटीने दुपारी शहरात पोचत असेल, तर साखर आणि पोटॅशियमच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. सीबीसी आणि सीआरपी तेवढ्या बिघडत नाहीत.

एनएबीएलची (लॅबच्या दर्जाच्या राष्ट्रीय मान्यतेची) खूण पाटीवर असली तरी प्रत्येक चाचणी त्या मान्यतेत असेलच असं नाही. अहवालावर त्या चाचणीसमोर काय लिहिलंय ते बघा. खाली पॅथॉलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. काही अहवालांवर ‘सिव्हिअर रिस्क’ असा लाल शिक्का आपोआप छापला जातो. श्वास आणि रक्तदाब न विचारता कोणतीही लॅब तीव्रता ठरवू शकत नाही, तेव्हा त्या शिक्क्याकडे दुर्लक्ष करा.

तीन चाचण्यांचं सुटं बिल: पाचपैकी साडेचार. लहान पॅकेज: अडीच, युरिया नसल्यामुळे. मोठं पॅकेज: दीड, आणि वाचलेल्या पैशात छातीचा एक्स-रे निघतो, कदाचित वर ऑक्सिमीटरही. लॅब निवडताना दरापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी: रात्री साडेदहाला प्लेटलेट १८,००० किंवा पोटॅशियम ६.८ आलं तर तुम्ही रुग्णाला फोन करता की सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकता? फोन करणारी लॅब दोनशे रुपये जास्त घेत असेल तरी द्यावेत.